मॅगझिन (शब्द)

कोठार, दुकान, दारूगोळ्याचा साठा आणि नियतकालिक अशा निरनिराळ्या अर्थांनी युरोपीय भाषांत रुळलेला, मूळचा अरबी शब्द. ‘ख-झ-न’ (साठवणे) हा त्याचा धातू. अरबीत धातूला ‘म’ जोडून स्थानवाचक नाम बनते. मशीद आणि मदरसा हे त्याच घडणीचे शब्द. तसे ‘मख्झन’ म्हणजे साठवणीची जागा, अनेकवचन ‘मखाझिन’. मराठीतला ‘खजिना’ फारसीमार्गे आला असला तरी धातू हाच.

युरोपात शब्द कोणत्या वाटेने शिरला हे त्याच्या रूपावरून ओळखता येते. स्पेन-पोर्तुगालात अरबी बोलणारा समाज शतकानुशतके नांदला, त्यामुळे तिथे ‘अल्’ हे उपपदही शब्दाला चिकटले: स्पॅनिश ‘आल्माथेन’, पोर्तुगीज ‘आर्माझेम’. इटलीत तो उपपदाविना आला आणि ‘मागाद्झिनो’ झाला. कापसाच्या नावातही हाच फरक दिसतो: स्पॅनिश ‘आल्गोदोन’, इटालियन ‘कोतोने’.

इटालियनमधून तो फ्रेंचमध्ये गेला. फ्रेंच ‘मागाझँ’ आधी गोदाम होते, पुढे दुकान झाले; रशियन ‘मगझीन’ आणि ग्रीक ‘मगाझी’ म्हणजेही दुकानच. डच भाषेत मात्र गोदाम हा जुना अर्थ टिकून आहे.

इंग्रजीने 16व्या शतकात हा शब्द फ्रेंचकडून घेतला. तिथे लष्करी अर्थाने जोर धरला; 11 मे 1857 रोजी दिल्लीत इंग्रजांनी स्वतःच उडवून दिलेले ‘मॅगझिन’ हे दारूगोळ्याचे कोठार होते. बंदुकीतल्या काडतुसांच्या पेटीलाही तेच नाव पडले.

नियतकालिक हा अर्थ सर्वांत रंजक, कारण त्याचा उगम नेमका दाखवता येतो. जानेवारी 1731 मध्ये एडवर्ड केव्ह याने लंडनमध्ये ‘द जंटलमन्स मॅगझिन’ सुरू केले. इतर पत्रांतले निवडक लेखन कोठारात साठवावे तसे दरमहा एकत्र करायचे, असा त्याचा हेतू होता. सॅम्युएल जॉन्सन या मासिकात लिहीत असे. त्याच्या 1755 च्या शब्दकोशात ‘मॅगझिन’चा पहिला अर्थ कोठार असा आहे, संकीर्ण नियतकालिक हा अर्थ अलीकडचा असून तो केव्हच्या मासिकावरून आला, अशी नोंदही तिथे सापडते. एखाद्या अर्थाचा जनक कोशात इतक्या लवकर नावानिशी नोंदला जाणे विरळाच.

हा नवा अर्थ पुढे फ्रेंचनेही इंग्रजीकडून उचलला. म्हणून आज फ्रेंचमध्ये दुकानाला ‘मागाझँ’ आणि नियतकालिकाला ‘मागाझिन’ असे एकाच मुळाचे दोन शब्द आहेत. पोलिशमध्ये गोदाम आणि नियतकालिक या दोन्हींना एकच शब्द चालतो.