पानथरी काढल्यानंतरच्या सूचना आल्या कुठून?

प्लीहा म्हणजेच पानथरी काढलेल्या रुग्णाला घरी सोडताना लसींची यादी देतात आणि 'ताप आला तर लगेच या' असं बजावतात. जखम भरल्यावरही हे कशासाठी, असं नातेवाइकांना वाटतं. शस्त्रक्रियेचा इतिहास पाहिला तर खुद्द सर्जननाही बराच काळ तसंच वाटत होतं.

पॅरिसचे सर्जन ज्यूल पेआँ यांनी १८६७ मध्ये एका तरुणीची प्लीहा काढली आणि ती जगली. नंतर आत्मविश्वास इतका वाढला की १९११ मध्ये स्विस सर्जन थिओडोर कोखर यांनी लिहून टाकलं: जखमी प्लीहा काढावी, काढल्याने काही वाईट होत नाही. कोखर नोबेलविजेते, त्यांचा शब्द कोण खोडणार? १९१९ मध्ये मॉरिस आणि बुलक यांनी उंदरांवर प्रयोग करून धोका दाखवला होता, पण त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

डोळे उघडले १९५२ मध्ये. अमेरिकेतल्या किंग आणि शूमाकर यांनी जन्मजात रक्तविकारामुळे प्लीहा काढलेल्या पाच तान्ह्या बाळांची हकीकत छापली. त्यांच्यात पुढे गंभीर जंतुसंसर्ग दिसले, दोन बाळं दगावली. कारण हळूहळू कळलं: न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकससारखे कवचधारी जंतू रक्तातून गाळून काढण्याचं काम मुख्यतः प्लीहाच करते. ती नसली की साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो, तेही शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी.

मग धोरणच फिरलं. १९६८ मध्ये टोरांटोहून उपाध्याय आणि सिम्पसन यांनी मुलांची फाटलेली प्लीहा न काढताही सांभाळता येते, असं मांडलं. आज रक्तदाब स्थिर असेल तर आधी नुसती देखरेख करतात.

न्यूमोकोकसची लस आली १९७७ मध्ये. न्यूमोकोकस, हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी हा जंतू) आणि मेंदूज्वर करणारा मेनिंगोकोकस यांच्या लसी ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी किमान दोन आठवडे घ्याव्यात. अपघातात तातडीने प्लीहा काढावी लागली तर साधारण दोन आठवड्यांनी. दरवर्षी फ्लूची लस, लहान मुलांना पेनिसिलिन. कुत्रा चावला तर जखम किरकोळ दिसली तरी दवाखाना गाठायचा. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात मच्छरदाणीला पर्याय नाही. विदर्भातल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या काही रुग्णांची प्लीहा तर आपोआप निकामी होते. ऑपरेशनची खूण पोटावर नसते, म्हणून या सूचना त्यांना सांगायच्या राहून जातात.