घरच्या माणसासाठी चामड्याची भेट: येण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे बसून स्वतःच्या हातानं पट्टा, पाकीट नाहीतर चष्म्याचं घर करायचं आणि घरच्या माणसाला द्यायचं म्हणून तुम्ही नाव नोंदवलंय. त्यासाठी मनापासून आभार. पण चामडं एकदा कापलं की परत वाढवता येत नाही. म्हणून येण्याआधीचं काम घरी नीट करून या.

माप गुपचूप कसं घ्यायचं

मी आबांसाठी पहिला पट्टा केला तो त्यांच्या पँटीवरचा ३४ नंबर बघून. अचानक हातात ठेवायचा होता, म्हणून विचारलं नाही. पट्टा शेवटच्या भोकात कसाबसा बसला. आबांनी तो तसाच वर्षानुवर्षं वापरला, एका शब्दानं बोलले नाहीत. आजही आठवलं की वाईट वाटतं.

पँटीचा नंबर म्हणजे पट्ट्याचं माप नव्हे. पट्टा पँटीच्या वरून फिरतो, आत खोचलेला शर्टही असतो, त्यामुळे तो नंबरापेक्षा लांबच लागतो. माणूस आंघोळीला गेला की त्याचा रोजचा पट्टा फरशीवर सरळ पसरा. बक्कल मापात धरू नका. बक्कलाच्या दांड्यापाशी चामडं जिथं दुमडलंय, तिथपासून सगळ्यात झिजलेल्या भोकापर्यंत टेप लावा आणि तो आकडा लिहून आणा. ते आपलं मधलं भोक. त्याच्या अलीकडे दोन, पलीकडे दोन भोकं २५ मिलिमीटर अंतरानं पाडतो. माणूस जरा सुटला किंवा वाळला तरी पट्टा चालतो. रुंदीही बघा. ऑफिसच्या पँटीला ३० ते ३५ मिलिमीटर शोभतो, जीन्सला ३८-४० लागतो.

पाकिटाला मात्र जुन्या पाकिटाचा साचा आंधळेपणानं घेऊ नका. नोटाबंदीआधीची ५०० ची नोट १६७ बाय ७३ मिलिमीटर होती, आताची १५० बाय ६६ आहे. जुन्या मापाचं पाकीट उगाच खिशाबाहेर डोकावतं. त्यापेक्षा त्या पाकिटात रोज काय काय असतं ते बघून या: कार्डं किती, सुटे पैसे ठेवतात का, अंबाबाईचा फोटो कुठल्या कप्प्यात असतो. त्यावरून आपण कप्पे ठरवू.

आणखी एक. आमच्याकडे म्हशीचं आणि शेळीचं चामडं असतं. घरातलं माणूस माळकरी असेल तर त्याला चामड्याची वस्तू चालते का, हे आधी विचारून घ्या. तिथं अचानक देण्याचा हट्ट नको.

चामडं कोणतं

पट्ट्याला आम्ही साडेतीन ते चार मिलिमीटर जाडीचं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं वापरतो. हे कमवायला कित्येक आठवडे जातात; क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावायचं काम दिवसा-दोन दिवसांत उरकतं. पट्टी जनावराच्या पाठीच्या भागातून काढतो, कारण पोटाकडचं चामडं ताणलं जातं आणि पट्टा लांबत राहतो. साल-हिरड्याचं चामडं ओलसर करून त्यावर नाव ठोकलं की अक्षर कायमचं बसतं. मऊ क्रोमवर ते तसं उठत नाही. उन्हानं, हाताच्या तेलानं साल-हिरड्याचं चामडं हळूहळू गडद होतं. नवा पट्टा फिका दिसला तर घाबरू नका.

काहीजण विचारतात, हा पट्टा ‘जीआय’वाला का? नाही. २०१९ साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं ते कोल्हापुरी चपलेला, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. ते नाव चप्पल करणाऱ्या कारागिरांचं आहे, आम्ही ते पट्ट्याला लावत नाही.

इथं बसल्यावर

पट्टी आम्ही कापून देतो, कारण रापीला, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराला, सवयीचा हात लागतो. भोकं, शिवण आणि कडा तुमच्या.

शिवणीचा दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट घ्यायचा, त्याला मेण लावायचं आणि दोन्ही टोकांना एकेक सुई ओवायची. आरीनं (टोच्यानं) भोक पाडलं की एक सुई इकडून, दुसरी तिकडून, त्याच भोकातून. दोन्ही हातांनी सारखंच ओढायचं. वेळ लागतो, बोटं दुखतात. पण मशीनच्या शिवणीत एक दोरा झिजला की पुढचे टाके सुटत जातात, इथं एक तुटला तरी दुसरा धरून राहतो. पहिले पाच-सहा टाके सगळ्यांचेच वाकडे जातात, म्हणून सुरुवात बक्कलामागच्या घडीत करतो; तिथं ते झाकले जातात. हात बसला की मग दिसणारा भाग घ्या.

चामडं ओलं असताना त्यावर किल्ल्या, लोखंडी कडं, कात्री काहीही टेकवू नका. सालीतला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आलं की काळा डाग पडतो, तो निघत नाही. आमची बक्कलं पितळेची आहेत, तेही याचसाठी.

कडा ओल्या फडक्यानं घासून गुळगुळीत करायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. हात आधी कडेवरच फिरतो.

दिल्यानंतर

कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. पट्टा भिजला तर पुसून सावलीत, वाऱ्याला लटकवा. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवला तर तो कडक होऊन तडकतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी येते. आलीच तर कोरड्या फडक्यानं पुसा, वारं लागू द्या. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा तेलाचा अगदी पुसटसा हात फिरवला की पुरे.

आणि इतकं करूनही भोक चुकलंच, तर त्या माणसालाच पट्ट्यासकट दुकानात घेऊन या. नवीन भोक पाडायचे पैसे आम्ही घेत नाही.