एमगस

उतारवयात रक्तात आढळणारी, कर्करोगाच्या अलीकडची एक अवस्था. पूर्ण नाव 'मोनोक्लोनल गॅमोपथी ऑफ अनडिटरमिन्ड सिग्निफिकन्स'. पुढे काय होईल ते ठरलेले नाही, ही कबुली नावातच आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक रुग्णालयाचे डॉक्टर रॉबर्ट काइल यांनी हे नाव १९७८ मध्ये दिले.

अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडे बनवतात. त्यांपैकी एकाच पेशीचा वंश वाढला, की एकाच साच्याचे एम-प्रथिन रक्तात साठते. इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे विजेच्या साहाय्याने रक्तातली प्रथिने वेगळी करणारी तपासणी; तिच्या आलेखात गॅमा भागातली, म्हणजे प्रतिपिंडांच्या भागातली, रेघ एरवी बालाघाटच्या पठारासारखी पसरट असते. एमगसमध्ये तिथे देवगिरीसारखा एकटा सुळका उभा राहतो. एम-प्रथिन डेसिलिटरला ३ ग्रॅमपेक्षा कमी, मज्जेतल्या प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांच्या आत आणि त्यांच्यामुळे हाडे, मूत्रपिंड, रक्त यांना इजा नाही, तरच एमगस म्हणायचे.

प्रमाणाचा सर्वाधिक उद्धृत आकडा अमेरिकेतल्या ओल्मस्टेड परगण्याचा (२००६): पन्नाशीपुढे ३.२ टक्के, सत्तरीपुढे ५.३, पंचाऐंशीपुढे ७.५. पुरुषांत जास्त. तिथली वस्ती बहुतांश गोरी, त्यामुळे हे आकडे लातूर-परभणीला जसेच्या तसे लावू नयेत. आफ्रिकी वंशात प्रमाण दुप्पट-तिप्पट भरते, तर नागासाकीत पन्नाशीपुढे २.४ टक्केच आढळले.

कापूसपट्ट्याने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट: अमेरिकेत कीटकनाशके फवारणाऱ्या पुरुषांत एमगस सुमारे दुप्पट आढळला (२००९). पाठीवर पंप आणि तोंडाला फार तर उपरणे, अशी फवारणी इकडे नेहमीची.

एमगसला लक्षणे नसतात; तो दुसऱ्याच तपासणीत सापडतो. रिपोर्टात एकूण प्रथिने वाढलेली, अल्ब्युमिन (रक्तातले मुख्य प्रथिन) मात्र नाही, हा पहिला इशारा. पुढे मल्टिपल मायलोमा (प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) किंवा तत्सम आजार होण्याची शक्यता वर्षाला साधारण १ टक्का. बहुतेक वृद्धांचा मृत्यू इतर कारणांनीच होतो. मायलोमा झालाच तर खरी फसगत होते. कंबर धरणे, अंगात रक्त कमी असणे ही त्याची लक्षणे, आणि आयुष्यभर ऊसतोड केलेल्या बीडच्या म्हाताऱ्याची हीच तक्रार असेल तर ती कष्टाच्या खात्यावर जमा होते.

एमगसला औषध देत नाहीत. 'गोळी दिली नाही म्हणजे डॉक्टरला कळलंच नाही' असे घरच्यांना वाटते आणि फेरतपासणी राहून जाते. ती पहिल्यांदा सहा महिन्यांनी, मग बहुधा वर्षातून एकदा करतात.