टाकी पाहिजेच, पण पाळीवरून ती किती दिसणार?

आमच्या तालुक्याच्या गावी मामा तलावाला लागून बगीचा आहे, आणि मागच्या वर्षी तिथंच नवीन पाण्याची टाकी बांधायचं ठरलं. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जुन्या मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या काळातले, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडं असे हजारो आहेत. संध्याकाळी म्हातारी माणसं पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, येऊन बसतात, समोर पाणी, पलीकडं धानाच्या बांध्या, त्याच्या मागं सागाचं जंगल. टाकीच्या नकाशात खांब किती, लिटर किती सगळं होतं, पण पाळीवर बसलेल्या माणसाला काय दिसेल हे कुठंच नव्हतं. मला ते फार खटकलं, कारण हे मोजता येतं.

आधी उंचीचं बघा, ती कोणी हौसेनं ठेवत नाही. 10 मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलो भरतो, त्यातला काही पाईपातल्या घर्षणात जातो, आणि तरी शेवटच्या घराच्या वरच्या मजल्यावर पाणी चढायला पाहिजे. म्हणून टाकीचा तळच 12-15 मीटरवर ठेवावा लागतो, वरचं भांडं धरलं की 20 मीटर झालेच. जवळ टेकडी असली तर गोष्ट वेगळी, मग जमिनीवरच्या टाकीलाही तोच दाब मिळतो. मुंबईत मलबार हिलवर तर जलाशयावरच हँगिंग गार्डन केलंय, फिरणाऱ्यांना पायाखाली पाणी आहे हे कळतही नाही. आमच्याकडं टेकडी नाही.

आता वस्तू डोळ्याला किती मोठी दिसते हे तिच्या उंचीवर नाही, डोळ्याशी होणाऱ्या कोनावर ठरतं. हात सरळ लांब करा, करंगळीची रुंदी साधारण 1 अंश, अंगठा 2, आवळलेली मूठ आडवी 10 अंश. 20 मीटरची टाकी 100 मीटरवरून 11 अंश दिसते, म्हणजे मुठीहून थोडी जास्तच, आणि 1 किलोमीटरवरून करंगळीएवढी. पौर्णिमेचा चंद्र अर्धाच अंश असतो, त्यावरून अंदाज घ्या. मी पाळीवर उभा राहून मूठ धरली तर टाकीच्या जागेवरचं अख्खं आभाळ झाकलं गेलं.

पण नुसता कोन पुरत नाही, मागं काय आहे तेही लागतं. मागं झाडी असली तर मळकट हिरवी किंवा करडी टाकी तिच्यात मिसळते, मागं आभाळ असलं तर कडा उठून दिसतात. आभाळात लपावी म्हणून निळा रंग देतात, पण उन्हाळ्यात आपलं आभाळ धुळीनं पांढरट होतं आणि भांड्याची खालची बाजू सावलीत असते, त्यामुळं ती काळपटच दिसते. आणि सागाचं विसरू नका! श्रावणात साग सगळं झाकतो, फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा तोच साग उघडा पडलेला असतो. म्हणून पाहणी पानं गळलेल्या दिवसांतच करायची, झाकण सगळ्यात कमी असतं तेव्हा.

यात कोण बघतंय यालाही वजन असतं. ब्रिटनमध्ये बांधकामानं देखावा किती बदलतो हे ठरवायच्या कामाची मार्गदर्शक पुस्तिका आहे, तिसरी आवृत्ती 2013 ची, तिच्यात बदल किती मोठा आणि बघणाऱ्याला तो किती जाणवणार या दोन्ही गोष्टी एकत्र धरून परिणाम ठरवतात. हायवेनं गाडीत जाणारा क्षणभर बघतो, पाळीवर रोज तासभर बसणारा तेच बघायला आलेला असतो. मला हे फार पटतं.

मग मार्चमध्ये आम्ही चार जण वारा नसलेल्या सकाळी गेलो, जत्रेत मिळतात तसे गॅसचे फुगे 20 मीटर दोरीला बांधून ठरलेल्या जागी वर सोडले, आणि बाकीच्यांनी पाळीवरून, देवळाच्या पायरीवरून, शाळेच्या फाटकातून फोटो काढले, झूम न करता. पाळीवरून फुगे थेट पाण्यावरच्या आभाळात, अगदी मधोमध. मग तेच 150 मीटर मागं, जुन्या चिंचांच्या आड नेले, तर पाळीवरून एकाच फुग्याचा शेंडा दिसला. तिथली जमीनही जरा उंच आहे, म्हणजे खांब तेवढे आखूड चालतील, फक्त पाईप थोडा जास्त लागेल.

दोन्ही जागांचे फोटो शेजारी शेजारी लावून, टाकीची जागा बदला म्हणून केलेल्या अर्जाला जोडलेत. बगीच्यातली आखणी अजून चुन्याचीच आहे, खोदकाम सुरू झालेलं नाही.