हाड छापायचं तर आधी पीठ नीट मळा

‘थ्रीडी प्रिंटरवर हाड छापलं’ हा मथळा अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. छापतात ते हाड नव्हे, परांची. कोथरूडच्या नव्या इमारतींना बांबूची बांधतात, तशीच. पेशी तिच्यावर चढून हाड रचतात आणि परांची विरून जाते. ती ज्या प्लॅस्टिकची करतात ते पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे पीसीएल, शरीरात विरायला दोन-तीन वर्षं घेतं.

हाड मुळात मिश्रणच आहे. वजनाने साधारण दोन तृतीयांश खनिज, बाकी कोलॅजेन हे चिवट प्रथिन आणि पाणी. कोंबडीचं बारीक हाड चार-पाच दिवस व्हिनेगरमध्ये बुडवा, खनिज विरघळून ते रबरासारखं वाकतं. जाळलं तर कोलॅजेन जातं आणि उरलेलं सहज चुरगळतं. नुसत्या पीसीएलची परांची मऊ आणि पेशींना परकी. नुसत्या हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटची, म्हणजे हाडातल्या खनिजाच्या कृत्रिम भावंडाची, खडूसारखी ठिसूळ. म्हणून दोन्ही कालवायचे.

पहिली फसगत तराजूवरच होते. 100 ग्रॅम मिश्रणात त्या खनिजाची 30 ग्रॅम भुकटी, म्हणून 30 टक्के. पण घनसेंटिमीटरमागे भुकटीचं वजन 3.16 ग्रॅम आणि पीसीएलचं सुमारे 1.14. भुकटीने जागा घेतली 9.5 घनसेंटिमीटर, पीसीएलने 61. म्हणजे जागेच्या हिशेबात भुकटी जेमतेम 13 टक्के, आणि मिश्रण वाहणार की नाही हे जागेवर ठरतं, वजनावर नाही. एकसारखे गोल दाणे कसेही ओतून हलवून बसवले तर सुमारे 64 टक्के जागा व्यापतात. मग 13 टक्क्यांना प्रिंटरचं नोझल, म्हणजे धागा बाहेर पडायचं बारीक तोंड, का तुंबावं?

गुठळ्यांमुळे. बारीक दाणे एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्यामधल्या फटींत पीसीएल कोंडलं जातं. ते वाहण्याच्या कामातून बादच. गुठळीत निम्मंच खनिज असेल, तर मिश्रण 13 नव्हे, 26 टक्के भुकटी असल्यासारखं वागतं. चाकण-भोसरीत गाड्यांच्या बंपरसाठी प्लॅस्टिकमध्ये टाल्क या खनिजाची भुकटी कालवणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही.

शेवेच्या पिठात ओवा अख्खा का घालत नाहीत? दाणा छिद्राहून लहान असला, तरी दोन-तीन एकदम तोंडाशी आले की कमान धरतात. सोऱ्या जितका पिळाल तितकी ती घट्ट होते. इथे आणखी वाईट होतं: पीसीएल कमानीतून गाळून पुढे निघतं, मागे कोरडी भुकटी साचते आणि दाब वाढवला की ती आणखी आवळते. म्हणून 0.4 मिलिमीटरच्या नोझलसाठी भुकटी 120 अंशांवर रात्रभर वाळवायची, 45 मायक्रॉनच्या (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) चाळणीतून काढायची आणि दाण्यांना स्टिअरिक आम्लाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे ते एकमेकांना सोडतात. कालवायला दोन स्क्रूंचं यंत्र बरं. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून कालवणं सोपं, पण त्याचा अंश मागे राहिला तर पेशी मरतात.

छपाई त्यामानाने सरळ. सुमारे 100 अंश तापमान, 0.4 मिलिमीटरचा धागा, दोन धाग्यांच्या मध्यांत 0.8, थराची उंची 0.32, प्रत्येक थर आधीच्याला काटकोनात. साधारण निम्मी जागा रिकामी राहते आणि 400 मायक्रॉनच्या वाटा मिळतात; रक्तवाहिन्या शिरायला 300 च्या वर हव्यात. धाग्यावर मात्र पीसीएलची साय धरते आणि खनिज खाली झाकलं जातं. सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात काही तास बुडवलं की ती खरवडली जाते, मग भरपूर पाण्याने धुवायचं.

मांडीच्या हाडाचा चार-पाच सेंटिमीटर तुकडाच गेला असेल, तर हाडजोडीच्या पाल्याने तो भरत नाही. पण मथळेवाल्यांनीही जरा धीर धरावा: एवढ्या फटीत ही परांची एकट्याने शरीराचा भार पेलत नाही, शेजारी धातूची पट्टी आणि स्क्रू लागतातच.

शेवटचा घोटाळा निर्जंतुक करताना होतो. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, 121 अंश असतात आणि पीसीएल 60 लाच वितळतं, म्हणून इथिलीन ऑक्साइड वायू किंवा गॅमा किरण. गॅमाने पीसीएलच्या रेणूंच्या लांब साखळ्या थोड्याफार तुटतात, हे आधीच हिशेबात धरायचं. आणि तयार परांची मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायची नाही. तिथेही 60 अंश सहज होतात.