अंगठ्याखालची बाराखडी

ळ धरून मराठीत ३४ व्यंजनं. प्रत्येकाची बाराखडी मांडली तर ४०८ घरं भरतात, आणि यात जोडाक्षरं आलेली नाहीत. हा सगळा संसार फोनच्या पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात थाटायचा, तोही एका अंगठ्याच्या टापूत. ज्यांनी तो थाटला त्यांच्यासमोर कळफलकाच्या आधीच्या दोन मांडण्या होत्या, आणि दोन्ही वेगळ्याच यंत्रांसाठी बेतलेल्या.

पहिली टाइपरायटरची. त्याला अक्षराचा उच्चार ठाऊक नसतो, फक्त आकार ठाऊक असतो. म्हणून कळींवर अर्धा ख, अर्धा ग, अर्धा प. पुढे काना ठोकला की अक्षर पुरं. 'कि' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. टंकलेखनाच्या परीक्षा याच मांडणीवर झाल्या आणि कचेऱ्यांमधल्या एका अख्ख्या पिढीच्या बोटांत ती मुरली. संगणक आल्यावरही ती बोटं दुसरं काही ऐकेनात.

दुसरी इनस्क्रिप्ट. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये ती प्रमाण ठरवली, १९९१मध्ये आय.एस. १३१९४ या भारतीय मानकात तिला जागा मिळाली. इथे आकार बाजूला ठेवून उच्चार धरला होता. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. साधी कळ दाबली तर क, शिफ्टसकट ख. तसंच ग-घ, त-थ, प-फ. ल वर शिफ्ट दाबला की ळ. देवनागरीत जिथे क तिथेच कन्नड, बंगाली, गुजरातीतही क. एकदा हात बसला की लिपी बदलली तरी बोटं तीच. माझ्या मते भारतीय लिप्यांसाठी झालेलं इतकं शहाणं काम दुसरं क्वचितच असेल.

पण ते टेबलावरच्या दोन हातांसाठी होतं. उजव्याने व्यंजन, डाव्याने मात्रा, हा ताल एका अंगठ्याला काय कामाचा? उलट त्याची पळापळच वाढते. शिवाय कळांचे दोन थर, म्हणजे शिफ्टची ये-जा आलीच.

बटणांच्या फोनांवर सोपा मार्ग निघाला: एका बटणावर एक वर्ग. त-थ-द-ध-न एकावर, प-फ-ब-भ-म दुसऱ्यावर, आणि हवं ते अक्षर येईपर्यंत टकटक. गोची अशी की न आणि म मराठीत पावलोपावली लागतात आणि दोघंही आपापल्या वर्गात शेवटी. 'मन' हा दोन अक्षरी शब्द दहा दाबांचा.

त्यात एसेमेसचा हिशोब. रोमन लिपीतल्या एका संदेशात १६० अक्षरं मावत, देवनागरीत ७०. मात्रा आणि मोडका पायही स्वतंत्र मोजले जात, म्हणजे 'नमस्कार'ला सात खर्ची पडत. लोकांनी 'जेवलास का' रोमन अक्षरांत लिहायला सुरुवात केली ती मराठीची लाज वाटून, असं म्हणणाऱ्यांनी ही आकडेमोड एकदा करून पाहावी.

अक्षरांची बटणंच नसलेलं यंत्रही तोवर आलं होतं. भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोअर ही कंपनी यांनी बेंगळुरूत घडवलेला सिम्प्युटर २००१मध्ये लोकांसमोर आला. हातात मावणारा हा संगणक ३२० बाय २४० ठिपक्यांच्या पडद्यावर टोकदार लेखणीने चालवायचा. तो फारसा खपला नाही. पण पडदाच कळफलक झाला की कळीवरचं अक्षर पक्कं छापलेलं राहत नाही, ते वेळेनुसार बदलता येतं, ही सोय अशा यंत्रांमुळे हाताशी आली.

ती पुरेपूर वापरली पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राने. प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये 'कीलेख' नावाचा कळफलक मांडला होता. त्याची रचना वर्णमालेच्या तक्त्यावर बेतलेली होती. त्याच केंद्रातून २०१३मध्ये अँड्रॉइड फोनांसाठी 'स्वरचक्र' बाहेर पडलं. यात अक्षरं शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यासारखीच, वर्गांच्या ओळीने. व्यंजनावर अंगठा टेकवला की त्याच्याभोवती चक्र उमलतं: का, कि, की, कु... हव्या त्या दिशेला सरकायचं आणि अंगठा उचलायचा.

जोडाक्षराची तऱ्हा तर बघण्यासारखी. 'स्त्री' लिहायचंय. स धरून पाय मोडला की कळफलकावरची बाकीची अक्षरं स ला जोडून दिसू लागतात. त च्या जागी 'स्त' दिसतो, त्याचाही पाय मोडायचा, मग र धरून दीर्घ वेलांटीकडे सरकायचं. तीन हालचालींत स्त्री. शाळेत बाराखडी घोकलेल्या माणसाला वेगळं काही शिकावं लागत नाही, आणि हीच यातली खरी करामत. वेगाच्या शर्यतीत सराईत बोटांनी आणखी काही जिंकलं असेल, पण ज्याला सरावच नाही त्याचा विचार आधी झाला.

२०१६च्या आय.एस. १६३३३ मानकाने फोनवर २२ भारतीय भाषा वाचता येणं आणि इंग्रजी, हिंदीखेरीज आणखी किमान एका भाषेत लिहिता येणं आवश्यक ठरवलं. मराठीच्या वाट्याला मात्र हिंदीसाठी बेतलेली देवनागरी बरेचदा येते. 'ॲ'चंच बघा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, हे अक्षर २००८मध्ये, ५.१ या आवृत्तीत आलं. तोवर अ वर चंद्र चढवून काम भागत होतं. दिसायला दोन्ही सारखीच, संगणकाला मात्र वेगळी. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला 'ॲप' दुसऱ्या पद्धतीने शोधला की हुलकावणी देऊ शकतो.

ऱ चं दुखणं त्याहून जुनं. आचार्यांना दक्षिणा देतात, आचाऱ्यांना मजुरी. फरक त्या एका आडव्या र चा. इनस्क्रिप्टमध्ये तो र च्याच कळीवर शिफ्टसकट मिळायचा. काही फोनांवर तो र दाबून धरल्यावर सापडतो, काहींवर शोधत बसावं लागतं, आणि मग घाईत लग्नाच्या स्वयंपाकाचे पैसे आचार्यांच्या नावे लिहिले जातात.