नवीन सर्व्हरवर ओएस कोणती टाकायची, हा प्रश्न मुळात आला कुठून

नवीन सर्व्हर आला की लगेच ओएसची (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, मशीन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) चर्चा सुरू होते, उबंटू टाकूया की डेबियन, का रॉकी, का विंडोज सर्व्हर. पण पूर्वी हा प्रश्नच नव्हता. मशीन ज्या कंपनीचं, ओएस पण तिचीच. सनचं मशीन घेतलं की सनओएस आणि नंतर सोलॅरिस, आयबीएमचं युनिक्स मशीन घेतलं की एआयएक्स, एचपीचं असेल तर एचपी-यूएक्स. निवड व्हायची ती हार्डवेअरची, ओएस त्याच्यासोबत घरी यायची.

हे चित्र बदलायला कारण झालं युनिक्सच, तीही एक ओएसच. १९६९ मधे बेल लॅब्समधे केन थॉम्पसनने ते सुरू केलं, डेनिस रिची सोबत होताच, आणि १९७३ मधे त्याचं कर्नल (ओएसचा गाभा) सी भाषेत परत लिहिलं गेलं, ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण त्यामुळे तीच ओएस दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर नेणं शक्य झालं. बेल लॅब्सची मालक अमेरिकेची टेलिफोन कंपनी एटी अँड टी, आणि तिच्यावर १९५६ च्या सरकारी समझोत्याचं बंधन होतं की टेलिफोनचा धंदा सोडून इतर धंद्यात पडायचं नाही, त्यामुळे युनिव्हर्सिट्यांना युनिक्सचा सोर्स (मूळ कोड) अगदी कमी पैशात मिळायचा. बर्कले युनिव्हर्सिटीवाल्यांनी त्यावर काम करून बीएसडी ही त्याची आवृत्ती तयार केली. पुढे १९८४ मधे एटी अँड टीचे तुकडे झाले, ते बंधन गेलं, युनिक्स विकायला लागले आणि १९९२ मधे बीएसडीवर कोर्टात केस पण झाली जी १९९४ ला मिटली. तेवढ्या काळात बीएसडी वापरावं की नाही अशी धाकधूक लोकांना होती, आणि लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मधे सुरू केलेलं लिनक्स (युनिक्ससारखंच कर्नल) नेमकं तेव्हाच वाढलं. साध्या पीसीवर चालणारं बीएसडी आधी हाताशी असतं तर लिनक्स बहुतेक झालंच नसतं, असं त्याने स्वतःच सांगितलेलं आहे.

आता १९९३ हे एकच वर्ष बघा. जुलैमधे विंडोज एनटी ३.१ आणि लिनक्सवर बांधलेलं स्लॅकवेअर, ऑगस्टमधे तशाच डेबियनची घोषणा, नोव्हेंबरमधे फ्रीबीएसडी १.०. म्हणजे त्याच पीसीवर यातलं काहीही टाकता येत होतं, आपण आज जी निवड करत बसतो ती खरं तर त्या वर्षी जन्माला आली.

टाकणं मात्र सोपं नव्हतं. स्लॅकवेअर फ्लॉपींच्या संचात यायचं, बेसचा संच वेगळा, नेटवर्कचा वेगळा, एक्सचा (स्क्रीनवरच्या ग्राफिक्सचा) वेगळा, आणि मधलीच एखादी फ्लॉपी खराब निघाली की सगळं परत. त्यानंतरची डोकेदुखी डिपेंडन्सीची, म्हणजे एका पॅकेजला दुसरं लागण्याची. एक आरपीएम (सॉफ्टवेअरचं पॅकेज) टाकायला जा, ते दुसरं मागणार, दुसरं तिसरं मागणार. डेबियनने १९९९ च्या २.१ मधे एपीटी हे पॅकेज टाकणारं साधन दिलं आणि हे सगळं एका कमांडवर आलं. डेबियनवर इतक्या लोकांचा जीव का आहे याचं अर्धं उत्तर इथे आहे, उरलेलं अर्धं म्हणजे एका व्हर्जनवरून पुढच्यावर जागच्या जागी जाता येतं, परत इन्स्टॉल करावं लागत नाही.

मग मुद्दा आला ओएस किती वर्षं टिकणार, म्हणजे अपडेट किती वर्षं मिळणार, याचा, आणि माझ्या मते निवडताना पहिला प्रश्न हाच हवा, बाकीचे सगळे नंतर. रेड हॅट कंपनीने २००२-०३ च्या सुमारास फुकटचं रेड हॅट लिनक्स थांबवून एंटरप्राइझ लिनक्स आणलं, पैसे घेऊन वर्षानुवर्षं अपडेट देणारं. सोर्स उघडा असल्यामुळे तोच परत बिल्ड करून २००४ मधे सेंटओएस आलं, फुकट आणि तेवढंच टिकाऊ, आणि होस्टिंगवाले, कॉलेजं, लॅब सगळीकडे तेच बसलं. सप्टेंबर २०१९ मधे सेंटओएस ८ आलं तेव्हा २०२९ पर्यंत अपडेट मिळणार असंच सगळे धरून चालले होते, आणि डिसेंबर २०२० मधे जाहीर झालं की २०२१ संपलं की ८ संपलं. आम्ही त्याच वर्षी नवीन मशीनवर ८ टाकलं होतं, तो आठवडा अजून आठवतो. त्यातूनच २०२१ मधे अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स आले, चालू मशीन तसंच त्यांच्यावर फिरवायच्या स्क्रिप्टसकट, आणि त्या लोकांचे खरंच उपकार आहेत.

आज उबंटूची एलटीएस (जास्त वर्षं अपडेट मिळणारी आवृत्ती) दर दोन वर्षांनी एप्रिलमधे येते आणि पाच वर्षं चालते, डेबियन साधारण तीन अधिक दोन, रेड हॅट आणि तिच्या भावंडांची दहा, विंडोज सर्व्हरची पाच अधिक पाच (अधिकच्या पुढचा काळ मुख्यतः सुरक्षेच्या अपडेटचा). सर्व्हर किती वर्षं ठेवणार ते आधी ठरवा आणि मग हे आकडे बघा.

इन्स्टॉलेशनमधे जुन्या काळाच्या दोन खुणा अजून आडव्या येतात. जुनं एमबीआर पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत त्याची यादी) ३२ बिटांत सेक्टर मोजतं, ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर २ टीबीच्या पुढे त्याला दिसतच नाही, म्हणून जीपीटी हे नवं टेबल. आणि पेनड्राइव्ह लेगसी मोडमधे (जुन्या बायोस पद्धतीने) बूट झाला तर इन्स्टॉलर पण लेगसी पद्धतीनेच टाकतो, मग बायोसच्या सेटिंगमधे यूईएफआय ही नवी पद्धत निवडली की मशीन उठत नाही आणि लोक डिस्कला दोष देतात, तर आधी मोड बघा. अजून एक, रेड हॅट घराण्यात डिफॉल्ट फाइलसिस्टिम म्हणून एक्सएफएस असतं आणि ते वाढवता येतं पण लहान करता येत नाही, त्यामुळे सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकू नका, एलव्हीएममधे (डिस्कची जागा नंतरही वाटता येणारी सोय) थोडी मोकळी ठेवा. आणि इन्स्टॉल झाल्यावर रूटच्या होममधे अॅनाकोंडाची (रेड हॅटवाल्यांचा इन्स्टॉलर) किकस्टार्ट फाइल पडलेली असते, तुम्ही दिलेली सगळी उत्तरं त्यात असतात, ती जपून ठेवली तर पुढचा सर्व्हर नेटवर्कवरून आपोआप बसवता येतो.

सेंटओएस ७ अजूनही कुठे कुठे चालू आहे. तिथे यम अपडेट (पॅकेज अपडेट करायची कमांड) दिलं तर मिररलिस्टचा (पॅकेज कुठून उतरवायची त्याची यादी) पत्ताच सापडत नाही, तो बंद झालाय, रेपोच्या फाइलमधे हाताने व्हॉल्टचा (जुन्या पॅकेजांच्या साठ्याचा) पत्ता टाकला की चालतं, पण त्या व्हॉल्टमधे जे आहे ते ३० जून २०२४ ला थांबलेलं आहे.